सौनाच्या दारात घुसलेला बाण

फ्लिंट, १२ जानेवारी १९९७

वहिनी,

नवीन वर्षाचं जे काही गोड बोलायचं ते डोरीनने कार्डावर लिहिलंच असेल, म्हणून मी कामाचं लिहितो. यंदापासून माझे बाण मी घरी करणार आहे. तुम्ही माझ्यासाठी करू नका.

दादा होता तोवर ठीक होतं. तो कांड्या घासायचा, तुम्ही पिसं चिकटवायचात आणि आपल्या सगळ्या हार्जू घराण्याचे भाते भरायचे. आता दादाला जाऊन तीन वर्षं होतील. मी कारखान्यात जन्मभर मोटारींची दारं बसवली, कांडीवर तीन पिसं बसवायला ब्रह्मविद्या लागत नसावी.

प्रश्न जिगचा, म्हणजे पिसं चिकटवायच्या साच्याचा आहे. इथल्या दुकानात दोन तऱ्हा आहेत. एक तुमच्याकडे आहे तसली लोखंडी, एका चिमट्याची. एक पीस लावा, गोंद वाळेपर्यंत जांभया द्या, कळ फिरवा, मग दुसरं लावा. दुसरी प्लास्टिकची, तीन बाहूंची. कांडी मध्ये उभी करायची, तीन बाहूंत तीन पिसं घालायची, गोंद लावायचा आणि तिन्ही बाहू एकदम मिटायचे. यातली कुठली घ्यावी? घोडागाडीवाल्याला विमानाचं विचारण्यासारखं आहे हे, तरी विचारतो.

आणखी एक. पीस डाव्या पंखाचं की उजव्या, हे तुम्ही कसं ओळखता? बघूनच ना?

गेल्या हंगामासारखं ओगराळं पुन्हा हातात घ्यायची माझी तयारी नाही.

अरवो


लाहटी रोड, २ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र पोचलं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच सांगायचं होतं तर एका ओळीत भागलं असतं. पण तुम्ही पूल ओलांडून खाली दक्षिणेत राहायला गेलात तेव्हापासून तुमची जीभ लांबली आणि नेम आखूड झाला.

हे मी जाड मार्करने लिहितेय. बारीक अक्षरातलं तुमच्या डोक्यात शिरत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण करून देते. ऑक्टोबरची पहिली सकाळ, शिकारीच्या कॅम्पसमोरचं स्प्रूसचं झाड आणि त्याला मामंजींनी ठोकलेलं केक भाजायचं टिनाचं ताट. प्रत्येकाने एक बाण मारायचा. लागला तर जंगलात जायचं. चुकला तर धनुष्य खुंटीला आणि हातात ओगराळं, हंगामभर सगळ्यांसाठी वाटाण्याचं सूप ढवळायचं. जो ताट चुकवतो तो हरणाला अर्धमेलं करून सोडतो, म्हणून मामंजींनी हा नियम केला. तुमचा चुलतभाऊ उर्हो गुडघे धरून उभा राहतो, त्याचा लागला. मला शहात्तर झाली, माझा लागला. तुमचा कुठे गेला? वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या, दारात. दाराच्या आत आपली पाळी उरकून उर्हो उघडा बसला होता, तो अजून त्या बाकावर कुशीवर बसतो.

आणि आता म्हणे माझे बाण मी करीन. म्हणजे दोष बाणाचा. त्याच खेपेतला बाण मी मारला होता, भावोजी.

जिगचं म्हणाल तर लोखंडी घ्या, दुसरी माझ्या घरात यायची नाही. तिचा चिमटा पिसाला किंचित पीळ देतो, म्हणून बाण उडताना स्वतःभोवती फिरतो आणि सरळ जातो. तिच्यावर मोजपट्टी आहे, केसाएवढा फरक दिसतो. ती प्लास्टिकची म्हणजे चिमणीच्या पिंजऱ्याचं दार. ज्याला धीर नाही आणि ज्याला मोजपट्टी वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती काढलीय. तुम्हाला शोभेल, पण घेऊ नका.

पंख बघूनच ओळखायचा, दुसरा काय प्रकार असतो? शेजारच्या मिसेस केस्टींच्या टर्की पिसं झाडतात, मी उचलून आणते. डाव्या पंखाची कॉफीच्या लाल डब्यात, उजव्याची निळ्या डब्यात. एका बाणावर तिन्ही एकाच पंखाची हवीत. मिसळली की तो बाण न राहता दारुडा होतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचे दादा डोळे मिटून नखाने ओळखायचे, पण त्यांना मिरवायची हौस होती.

माझा एक बाण कमी आहे. सौनाच्या दारातला. तुम्ही उपटलात आणि परत केला नाहीत. पाठवून द्या.

लेम्पी


फ्लिंट, ९ मार्च

वहिनी,

तुमच्या लोखंडी जिगला मी मान दिला. दुकानात तासभर तिच्याशी झोंबलो. मग डोळे मिटले आणि पुन्हा झोंबलो. पीस चिमट्यात तिरकं बसलं, कळ कुठल्या खाचेवर आलीय ते कळेना आणि मोजपट्टी तर नसल्यात जमा. प्लास्टिकची मात्र डोळे मिटूनही जमली. बाहू नीट मिटला की टक् असा आवाज येतो, नाही मिटला तर येत नाही. दुकानदार बघत राहिला. डोरीन जाऊन हातमोज्यांपाशी उभी राहिली, जशी काही ती माझ्याबरोबर आलीच नव्हती.

तेव्हा माझा कौल प्लास्टिकला. तिला पीळ कमी आहे हे खरं, पण ताट काही चंद्रावर ठोकलेलं नाही.

एक शंका आहे. तुमच्या लाल आणि निळ्या डब्यांची झाकणं एकसारखीच का? निदान एका डब्याला दोरा बांधा. घरात माणूस येतं-जातं, अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

तो बाण मिळणार नाही. मी तो त्याच संध्याकाळी सौनाच्या चुलीत घातला. छान जळला.

अरवो


लाहटी रोड, ६ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र मिसेस केस्टींनी वाचून दाखवलं, कारण तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. 'जळला' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग रविवारी चर्चमधल्या कॉफीला सगळ्या गावापुढे वाचला. आता रस्त्यात भेटेल तो मला विचारतो, लेम्पी, तुझ्या दिराने तुझा बाण जाळला म्हणे.

या घराण्यात कुणी कुणाचा बाण जाळला नव्हता. मामंजींचं आणि त्यांच्या भावाचं कुंपणावरून सात जन्माचं वैर होतं, तरी हंगाम संपला की भावाचे सापडलेले बाण ते पुसून, फडक्यात गुंडाळून परत पाठवायचे. ती कांडी तुमच्या दादांनी घासलेली होती. मरायच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी घासून ठेवलेल्या जुडीतली. तुम्ही चुकलात, हरलात, सूप करपवलंत, ते सगळं मी हसण्यावारी नेलं. हे नेणार नाही. तुमचा मला राग नाही आलेला, किळस आलीय.

डबे माझे, झाकणं माझी. मी या टेबलाशी बसून पिसं निवडतेय ती तुम्ही दुधाच्या दातांचे होतात तेव्हापासून. मला दोरा बांधायला सांगता? आणि डोळे मिटून जिग पारखणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. बायको निवडतानाही डोळे मिटले होते का ते डोरीनला विचारा. झोपेत बाण करायचे आहेत तुम्हाला?

आता एकच करा. त्या पिंजऱ्यातून काढलेला एक बाण इकडे पाठवा. मीही बघते, कारखान्यातली दारं बसवणारा काय दिवे लावतो ते.

लेम्पी


फ्लिंट, १५ जून

वहिनी,

अक्षर मोठं काढलंय, केस्टीबाईंच्या डोळ्यांना त्रास नको. त्यांच्यापुढे घरातलं सगळं वाचलं जातं हे आता कळलं, म्हणून थोडक्यात लिहितो.

नळीत बाण आहे. प्लास्टिकच्या जिगवर केलेला. पिसं विकतची, बांधीव जुडीतली, सगळी एका पंखाची. काय नावं ठेवायची ती ठेवा, पण मला पत्राने कळवा. कॅम्पवर आधी बोलू नका.

अरवो


लाहटी रोड, ६ जुलै

भावोजी,

दाराशी उजेडात धरून पाहिला. मला वाटलं होतं गोंद ओघळलेला असेल, पिसं वाकडी असतील. तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. उजव्या पिळाच्या जिगमध्ये डाव्या पंखाची पिसं कोंबलीत. पिळाच्या उलट वाकणारं पीस जिगमध्ये धरून बसवलं की त्याचा कणा कांडीवर टेकतच नाही, टोकाला उचलला जातो. इथेही उचलला गेलाच असणार. असला बाण नाक्यापर्यंत जायचा नाही.

विकत घेतलेल्या जुडीवर डावा-उजवा छापलेलं असतं म्हणतात. म्हणजे तुम्हाला वाचताही येत नाही. कारखान्याने तुम्हाला पेन्शन देऊन घरी बसवलं ते उगाच नाही, रस्त्यावरच्या मोटारी वाचल्या.

कॅम्पवर बोलू नका म्हणता. मी तर ठरवलंच आहे. पहिल्या सकाळी ताटापुढे सगळे जमले की हा बाण हातोहात फिरवणार. उर्होला पहिला देणार. मग सगळ्यांसमोर विचारणार की ज्याला डावं-उजवं कळत नाही आणि जो दुसऱ्याचा बाण जाळतो, त्याला मामंजींच्या कॅम्पवर यायचं कारण काय. तुमच्या दादांचं मचाण तुम्हाला हवंय हे मला ठाऊक आहे. ते मिळणार नाही. ओगराळंही मिळणार नाही, तेवढी तुमची लायकी राहिलेली नाही.

मिसेस केस्टींनाही बाण दाखवला. त्या म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं, पण तू म्हणतेस तर असेल.

लेम्पी


फ्लिंट, २७ जुलै

वहिनी,

फिरवा बाण. मी अडवणार नाही. पण उर्होच्या हातात द्यायच्या आधी माझं एक ऐका. आयुष्यभरात मी तुमच्याकडे फार काही मागितलेलं नाही, सूपात मीठ सोडून.

केस्टीबाईंना त्यांच्या टर्कींकडे जाऊ द्या. एकट्या बसा. बाण मांडीवर घ्या, डोळे मिटा आणि दादाची ती मिरवायची खोड करून बघा. तिन्ही पिसांच्या कण्यांवरून आडवं नख फिरवा.

ते झालं की भिंतीवरचा तुमचा स्वतःचा भाता खाली घ्या. त्यातले बाणही तसेच एकेक करून चाचपा. उंदरांनी कुरतडलेत का ते बघायला म्हणून.

मग जे दाखवायचं ते सगळ्या कॅम्पला दाखवा.

अरवो


लाहटी रोड, १ सप्टेंबर

भावोजी,

उशीर झाला. पत्र आल्यावर तीन आठवडे मी ते फडताळात टाकून दिलं होतं. मला शिकवणारे तुम्ही कोण, असं म्हणत होते. मग एके दिवशी कॉफी कपाच्या शेजारी ओतली गेली आणि टेबलावरून पायावर सांडली. पाय पुसता पुसता मुकाट बाण काढला.

कण्याच्या एका बाजूला बारीक कड असते, नखाला अडकते. डाव्या पंखाची एका अंगाला, उजव्याची दुसऱ्या अंगाला. तुमच्या बाणाच्या तिन्ही कडा उजव्या पंखाच्या निघाल्या. माझा विश्वास बसेना, पुन्हा फिरवलं. तेच.

मग भाता काढला. पहिल्या बाणाला पहिलं पीस डावं, दुसरं डावं, तिसऱ्याची कड पलीकडून लागली. दुसरा बाण घेतला, तोही तसाच. एखाददुसरा सोडला तर सगळे दारुडे. गेल्या वर्षी मी मारला तो नेमका सरळ निघाला, ते माझं कसब नव्हतं. खरं सांगायचं तर मला ताट दिसलंही नव्हतं. स्प्रूस दिसत होता, आणि ताट कुठे आहे ते माझ्या खांद्याला इतक्या वर्षांनी पाठ आहे. डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय. डॉक्टर म्हणतो कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत यायचं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि केस्टीबाईंना कळलं तर तुमच्याकडूनच कळलं असं समजेन.

तुम्ही तो बाण दारातून उपटलात तेव्हाच पाहिलं असणार. उर्होच्या हातात जाण्याआधी चुलीत घातलात आणि ओगराळं घेतलंत. मी रोज तुमच्या सूपाला नावं ठेवत होते आणि तुम्ही ढवळत होतात. मला लाज वाटली. पण लाज फार वेळ टिकली नाही, मग तुमचाच राग आला. तोंड का उघडलं नाहीत? त्यातला एखादा हरणाच्या पोटात गेला असता तर ते बिचारं दलदलीत पडून तडफडत मेलं असतं. माझ्यावर दया करणारे तुम्ही कोण? दया मला मिसेस केस्टींची पुरते.

उर्होकडचेही मागवून घेतले. म्हटलं, गोंद जुना झालाय. सगळे सौनाच्या चुलीत घातले. तुमच्या दादांच्या कांड्या होत्या, जाळताना हात धजत नव्हता. तुमचा कसा धजला असेल ते तेव्हा कळलं.

पहिल्या सकाळी मी ताटापुढे उभी राहणार नाही. ओगराळं माझं. लोखंडी जिग तुम्ही घेऊन जा, तिची मोजपट्टी मला आता दिसत नाही. यापुढे पिसं तुम्ही चिकटवा. माझं ते काम संपलं.

लेम्पी


फ्लिंट, १० सप्टेंबर

वहिनी,

अक्षर अंगठ्याएवढं काढलंय, एका पानावर चार ओळी बसतात. पानं खूप झाली तरी स्वतः वाचा. केस्टीबाईंना बोलावलंत तर मी कॅम्पवर येणार नाही.

दया कोण करतंय? माझी लोखंडी जिग घेऊन जायची तयारी नाही, कारण मला बाण करता येत नाहीत. तुम्हाला पाठवला तो डोरीनने केला. मी फक्त गोंद सांडला, तिच्या चांगल्या टेबलक्लॉथवर. मी स्वतः दोन केले होते. त्यांची चौकशी करू नका, उर्होला कळलं तर तो सौनात कधीच जाणार नाही.

त्यात आता तुम्ही सगळ्यांचे बाण जाळून बसलात. उर्होचा भाता रिकामा, माझा तर गेल्या ऑक्टोबरपासूनच रिकामा. तुम्ही केले नाहीत तर पहिल्या सकाळी ताटापुढे आम्ही दोघं हात हलवत उभे राहणार. बाबांच्या कॅम्पचं नाव काढणाऱ्या तुम्ही, हे चालणार असेल तर तसं कळवा.

पेटीत प्लास्टिकची जिग आहे. ती जानेवारीपासून तुमच्यासाठीच बघत होतो. मला कशाला हवीय? दुकानात डोळे मिटून उभा राहिलो तो काय हौस म्हणून? सगळं गाव हसलं, डोरीन अजून त्या दुकानात यायला तयार नाही.

एका बाहूवर कानशीने खाच पाडलीय. बाण दोरीवर चढवल्यावर धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला येणारं पीस त्यात घालायचं. बोटाला लागेल. बाहू मिटला की टक् ऐकायचं. पिसं पाठवलीत ती फक्त उजव्या पंखाची, लाल आणि निळे डबे आता कॉफीला वापरा. सूचनांचा कागद होता, तो मी जाळला. माझा हात त्यात बसलेला आहे.

ओगराळ्याचं तुम्ही ठरवलंत तर ठरवा. पण तो नियम नेम चुकणाऱ्याला आहे, बाण करणारीला नाही. बाबांनी पिसं चिकटवायचं काम कुणाच्या डोळ्यांकडे बघून तुम्हाला दिलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही मुलांना ते जमत नव्हतं, म्हणून दिलं होतं.

अरवो


लाहटी रोड, २४ सप्टेंबर

भावोजी,

जिग पोचली. प्लास्टिक ते प्लास्टिकच. पीळ कमी पडतो हे मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. कानशीने पाडलेली खाच आडवीतिडवी आहे, मोटारींची दारं अशीच बसवत असाल तर लोक वाटेत सांडले असतील. टक् आवाज येतो तो पिंजऱ्याच्या दाराचाच. मिसेस केस्टींनी विचारलं काय वाजतंय, मी म्हटलं उंदराचा सापळा.

उर्होचे बाण झाले, तुमचेही झाले. तुमच्या दादांच्या कांड्यांची एक जुडी माळ्यावर सापडली, ती तुमच्या बाणांना वापरली. खराब केलीत तर तुमचं तोंड बघणार नाही, तसंही आता मधलं काही दिसत नाहीच.

ओगराळं मात्र माझ्याचकडे राहील, तो माझा हट्ट समजा. तुमच्या हातचं करपलेलं सूप पुन्हा प्यायला लागू नये म्हणूनही आहे. ताट चुकलात तर ते मागायला येऊ नका, मुकाट भांडी घासा. लागला तर तुमच्या दादांच्या मचाणावर जाऊन बसा. शिडीची वरची पायरी निखळलीय, बघून चढा.

डोरीनला निसू पाव पाठवतेय, टेबलक्लॉथबद्दल. वेलची जास्त पडली असेल तर सांगू नका म्हणावं.

पिसं सगळी एकाच पंखाची आहेत. खात्री करायची असेल तर डोळे मिटून करा. उघड्या डोळ्यांवर या घरात आता कुणी विसंबत नाही.

लेम्पी